‘गेमवर दोन तास बसतो, मग लक्ष नाही कसं?’ : मुलांमधला आणि मोठ्यांमधला एडीएचडी ओळखताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. या वर्षी शाळेतून दोनदा बोलावणं आलं. बाईंचं म्हणणं, ‘एकदा एडीएचडीसाठी दाखवून घ्या’, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता-उतावळेपणा यांच्या त्रासासाठी. घरी मात्र तो मोबाइलवरच्या गेमपुढे दोन-दोन तास हलत नाही, त्यामुळे आईला ते पटत नाही. आजी म्हणते, ‘याचा बाबाही लहानपणी असाच होता, झालं का त्याचं काही वाईट?’ आणि नेटवर लक्षणांची यादी वाचताना आईला मुलापेक्षा नवराच जास्त दिसला. मग हा आजार, स्वभाव, की मोबाइलचा परिणाम?

गेमपासूनच सुरुवात करते, कारण हा मुद्दा निघाला नाही असं घर क्वचितच भेटतं. एडीएचडी असलेल्या मुलाकडे लक्ष नसतंच असं नाही. ते हवं तिथे लावणं, लावलं तर टिकवणं आणि वेळ झाली की तिथून काढून दुसरीकडे नेणं हे त्याच्या हातात कमी असतं. गेम दर काही सेकंदांनी काहीतरी देतो : आवाज, पॉइंट, नवी लेव्हल. तिथे लक्ष धरून ठेवायचं काम गेमच करतो. शुद्धलेखनाच्या दहा ओळी काहीच देत नाहीत. तिथे ते काम मुलाला स्वतः करावं लागतं, आणि तिथेच गाडी अडते. त्यामुळे ‘गेमवर बसतो म्हणजे एडीएचडी नाही’ हे खरं नाही. ‘गेम सोडत नाही म्हणजे एडीएचडी आहे’ हेही खरं नाही. ज्यांना काहीही झालेलं नाही अशी कितीतरी मुलं, आणि त्यांचे आईबापसुद्धा, मोबाइल सोडत नाहीत. गेमचा पुरावा दोन्ही बाजूंनी बाद करा.

बघायचं ते कंटाळवाण्या कामात. ज्याला तीन-चार पायऱ्या आहेत, ज्यातून लगेच काही मिळत नाही आणि शेजारी कुणी उभं नाही, असं काम. शाळेत निघायच्या आधीचा पाऊण तास त्यासाठी उत्तम. मोजे घालायला आत गेलेलं मूल दहा मिनिटांनी एक मोजा हातात धरून खिडकीतलं कबुतर बघताना सापडतं. ओरडलं की दचकतं, त्याला खरोखर वाईट वाटतं, ते पुन्हा आत जातं आणि आता कंपासपेटी उघडून बसतं. असं एखाद्या दिवशी कुणाचंही होतं. रोज होत असेल, वर्षानुवर्षं होत असेल, बक्षीस लावून आणि फटके देऊनही फरक पडत नसेल, तर विचार करायला हवा. पुष्कळ आया स्वतःहूनच सांगतात की याच्या मागे जेवढं लागावं लागतं तेवढं याच्या पहिलीतल्या बहिणीच्या मागे लागावं लागत नाही. ही तुलना कुठल्याही चाचणीइतकी कामाची असते.

तपासणीला येताना मी मुलाच्या वह्या आणायला सांगते. दप्तरात असतील तशा, न आवरता. गणिताच्या वहीचं एखादं पान बरंच काही बोलतं. वरची दोन उदाहरणं नीटनेटकी, आकडे आपापल्या रकान्यात. तिसऱ्यात हातचा धरायचा राहिला. चौथ्यात वजाबाकीचं चिन्ह स्वतःच्या हाताने लिहून खाली बेरीज केलेली. पाचवं अर्धवट, आणि समासात एक झकास विमान. हेच उदाहरण तोंडी विचारलं की पोरगं बघता बघता बरोबर उत्तर देतं. ज्याला मुळात येतच नाही त्याची वही अशी नसते. ती पहिल्या उदाहरणापासूनच अडखळलेली असते. खालच्या बाजूला बाईंचा लाल शेरा असतो : ‘निष्काळजी’. तो शेरा मला उपयोगी पडतो, मुलाला मात्र कधीच पडलेला नाही.

निदानाचे निकष ठरलेले आहेत. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेत, लक्ष न लागण्याची नऊ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ अशी अठरा लक्षणं दिली आहेत. त्यातल्या एका तरी गटातली किमान सहा हवीत (वय १७ किंवा जास्त असेल तर पाच). ती सहा महिने तरी टिकलेली हवीत, वयाच्या मानाने जास्त हवीत, त्यातली काही १२ वर्षांच्या आधीपासून हवीत आणि किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. शिवाय त्यांच्यामुळे अभ्यासाचं, मैत्रीचं, घरच्या संबंधांचं प्रत्यक्ष नुकसान होत असायला हवं. नेटवरच्या याद्या लक्षणं तेवढी उचलतात आणि पुढचं सगळं गाळतात, म्हणून त्या वाचून निम्म्या गावाला आपण त्यातलेच वाटतो. माझं सगळं लक्ष त्या गाळलेल्या भागाकडे असतं. किल्ल्या सगळेच हरवतात. कधीपासून, कुठे कुठे आणि किती महागात पडून, हे महत्त्वाचं.

‘दोन ठिकाणी’ ही अट तर सोन्यासारखी आहे. त्रास फक्त एकाच बाईंच्या तासाला होतो? मग त्या तासात काय चालतं ते आधी बघा. शाळेत सगळं ठीक आणि घरीच धिंगाणा? मग घराकडे बघा. शिकवणी, शाळा, आजोळ, मैदान, सगळीकडून तीच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येत असेल तर संशय बळकट होतो. मैदानावरचं पोरांच्या लगेच ध्यानात येतं, कारण हा खो मिळायच्या आधीच उठतो आणि संघाला भोवतो. वर्गात प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर, रांगेत मध्येच घुसणं, दोघांच्या बोलण्यात तोंड घालणं हे सगळं त्याच उतावळेपणाचं. याला नियम पाठ असतात, विचारलं तर धडाधड सांगतो. नियम आठवायच्या आत हात पुढे गेलेला असतो.

उलट, तपासणीच्या खोलीत मूल शांत बसलं म्हणजे काही नाही, असं समजू नका. नवी जागा, अनोळखी माणूस, समोरासमोर एकटंच बोलणं, अशा वेळी यातली बरीच मुलं वीसेक मिनिटं अगदी शहाण्यासारखी बसतात. दहा मिनिटांत ‘मला तर नॉर्मल वाटतो’ म्हणणारा आणि दहा मिनिटांत ‘एडीएचडी आहे’ म्हणणारा, दोघांवरही विसंबू नका.

आता ज्यांना कुणीच आणत नाही त्या मुलांबद्दल. बाकावर उड्या मारणारा मुलगा शाळाच आमच्याकडे पाठवते. मागच्या बाकावर गप्प बसून वहीच्या कडेला नक्षी काढणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून कुणी तिच्यासाठी चिठ्ठी लिहीत नाही. तिला चंचलता नसेलही; फक्त लक्ष न लागण्याचा प्रकार असतो. ती ‘स्वप्नाळू’, ‘वेंधळी’, ‘हुशार आहे पण मनावर घेत नाही’. आई रोज रात्री दप्तर भरते, प्रोजेक्ट पुरे करते, वेळापत्रक सांभाळते, आणि दहावीपर्यंत निभावून जातं. मग अकरावीला किंवा होस्टेलला गेल्यावर सगळं कोसळतं, आणि तेव्हा मुलगी डिप्रेशन किंवा घाबरेपणा घेऊन आमच्यापुढे येते. घरात मुलगी असेल तर या अंगाने जरूर बघा.

आजीचं वाक्य घरात विषय बंद करायला वापरलं जातं. मी ते केसपेपरवर लिहून घेते. एडीएचडी घराण्यात चालतो. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के निघाला आहे, म्हणजे उंचीच्या जवळपास. याचा अर्थ मुलाला तो होण्याची शक्यता ८० टक्के असा नाही. माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो त्यातला मोठा हिस्सा जनुकांचा, असा आहे. तेव्हा ‘बाबाही असाच होता’ हे ऐकून संशय कमी होत नाही, थोडा वाढतोच. ‘झालं का त्याचं काही वाईट’ याचं उत्तर आजीपेक्षा बाबाला आणि बाबाच्या बायकोला जास्त ठाऊक असतं. त्याकडे येतेच.

त्याआधी, एडीएचडीसारखं दिसणारं पण तो नसलेलं बरंच काही असतं. नाव लागण्याआधी ते तपासायलाच हवं, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, सकाळी पेंगुळलेलं उठतं? नाकामागचे वाढलेले ॲडेनॉइड किंवा घशातले टॉन्सिल झोप मोडतात, आणि अपुऱ्या झोपेचं मूल मोठ्यांसारखं सुस्तावत नाही, उलट जास्तच उसळतं. टीव्हीचा आवाज वाढवून बसतं, मागून हाक मारली की ऐकत नाही? कान तपासा. डोळेही तपासा. रक्तातलं लोह बघा. बोलता बोलता मध्येच काही सेकंद थिजतं, नजर शून्यात जाते, पापण्या फडफडतात, खांद्याला हात लावला तरी भानावर येत नाही आणि मग जणू काही झालंच नाही असं पुढे चालू होतं? ती एक प्रकारची फिट असू शकते; तिथे मेंदूतज्ज्ञ आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, लागतो. स्वप्नात हरवलेलं मूल हात लावला की परत येतं, हा साधा फरक लक्षात ठेवा.

वाचन-लेखनाची अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे, हा दुसरा मोठा गट. गोष्ट सांगितली की कान देऊन ऐकतो, पुस्तक पुढे आलं की चुळबुळ सुरू, असं असेल तर आधी वाचन तपासा. अवघड हे की दोन्ही एकाच मुलात पुष्कळदा सापडतं, त्यामुळे एक मिळालं म्हणून दुसरं शोधणं थांबवायचं नसतं.

आपल्याकडचं एक कारण सहज विसरलं जातं. घरी मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि बाई जे बोलतात त्यातलं निम्मं मुलाला कळत नाही. न कळणाऱ्या भाषेत पाच तास बसवलं तर तुमचंआमचंही लक्ष उडेल. हेच मूल मराठीत गोष्ट सांगताना वीस मिनिटं रंगत असेल तर गोळीच्या आधी भाषेचा विचार करा. वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांचंही तसंच. अकरा महिन्यांनी मोठ्या मुलांशेजारी बसवलं की लहान मूल चंचल दिसणारच, आणि वर्गातल्या धाकट्या मुलांना एडीएचडीचं निदान जास्त वेळा दिलं जातं हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत आढळलं आहे. शेवटचं, अचानक सुरू झालेला त्रास. गेल्या वर्षीपर्यंत मूल ठीक होतं आणि दिवाळीनंतर बिघडलं, तर घरातली भांडणं, आजोबांचं जाणं, शाळेतली दादागिरी, कुणी केलेला वाईट स्पर्श हे हळूच विचारावं लागतं. एडीएचडी दिवाळीनंतर सुरू होत नाही.

मोबाइलने तो होतो का? त्याने झोप बिघडते, कंटाळा सहन करायची सवय जाते आणि असलेला त्रास वाढतो; पण आठ वर्षांच्या मुलातलं हे सगळं चित्र फक्त मोबाइलवर ढकलता येत नाही. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती १९०२ साली. साखर खाऊन मुलं उधळतात ही समजूतही प्रयोगांत टिकलेली नाही. आणि आईने नोकरी केली म्हणून हे होत नाही, हे सासरच्या मंडळींसाठी मुद्दाम लिहिते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवरून दाखवलं की या मुलांत मेंदूच्या बाह्यपटलाची वाढ त्याच क्रमाने होते, पण सरासरी तीनेक वर्षं उशिरा. रोजच्या व्यवहारात याचा उपयोग एवढाच, की आठ वर्षांच्या अशा मुलाकडून स्वतःला आवरण्याची अपेक्षा ठेवताना त्याहून लहान मूल डोळ्यांपुढे ठेवा. मात्र एकट्या मुलाचा स्कॅन काढून निदान होत नाही. रक्ताची चाचणी नाही, ईईजीने कळत नाही. ‘ब्रेन मॅपिंग’च्या रंगीत चित्रांसाठी आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या वर्गांसाठी हजारो रुपये मोजून लोक येतात तेव्हा चिडचिड होते, पालकांवर नाही, विकणाऱ्यांवर.

आता नवरा. साधारण १०० मुलांमागे पाच आणि १०० मोठ्यांमागे दोन-तीन, असं जगभरचं प्रमाण धरलं जातं. म्हणजे कित्येकांचा त्रास वयाबरोबर निवळतो, पण सगळ्यांचा नाही, आणि त्याचं रूप बदलतं. उड्या मारणं थांबतं, आतली चुळबुळ राहते : मीटिंगमध्ये सतत हलणारा पाय, सिग्नलला लेन बदलत राहणं, एक सिनेमा सलग न बघता येणं. वीजबिल थकतं, आणि खात्यात पैसे असताना थकतं. विम्याचा हप्ता चुकतो, आयकराचं विवरणपत्र शेवटच्या रात्री भरलं जातं. एक नमुना तर इतक्या वेळा दिसतो की आता मी थेट विचारते : ऑफिसच्या दौऱ्यावर स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाची बिलं लावलीत का? महिनोन्‌महिने लावलेली नसतात. आळशी माणूस दुसऱ्याचं काम टाळतो. हा स्वतःचेच पैसे सोडून देतो.

‘पाच मिनिटांत निघतो’ म्हणतो आणि चाळीस मिनिटं लावतो. बायकोला ते खोटं वाटतं. त्याला ती पाच मिनिटं खरोखर पाचच वाटत असतात. वेळेचा अंदाजच अधू असतो. आणीबाणीत मात्र हाच माणूस हिरा. सर्व्हर बंद पडला, लग्नाच्या आदल्या दिवशी केटरर पळाला, की याच्यासारखा माणूस नाही. फायलीचं काम आलं की संपला. राग भसकन येतो आणि दहा मिनिटांत जातो. घरच्यांचा मात्र दोन दिवस जात नाही. नोकऱ्या बदललेल्या, छंद अर्धवट सोडलेले, आणि बुद्धीच्या मानाने आपण कमी पडलो ही सल. बायकांमध्ये यावर आणखी एक थर चढतो. घरातली न दिसणारी कामं, म्हणजे कुणाची लस कधी, गॅस कधी लावायचा, कुणाच्या वाढदिवसाला काय, ही सगळी आपल्याकडे बाईच्या डोक्यात ठेवायची पद्धत. जिचं डोकंच असं साठवून ठेवत नाही, ती जन्मभर ‘हिला संसार येत नाही’ ऐकते. अशा पुष्कळ जणींचं निदान मुलाचं निदान झाल्यावर होतं.

पण मोठ्यांत जास्त सावध राहावं लागतं. पस्तिशीत अचानक लक्ष लागेनासं झालं तर तो एडीएचडी नसतो. डिप्रेशन, चिंता, थायरॉइड, झोपेत श्वास अडणं, दारू, कामाचा अतिरेक, आधी हे बघायचं. आठवडे-महिने ठीक, मग काही दिवस अफाट उत्साह आणि झोपेची गरजच नाही, असं येऊन-जाऊन असेल तर तो वेगळा आजार आणि उपचारही वेगळे. लहानपणीचा पुरावा लागतोच. जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. ‘बडबड करतो’, ‘क्षमता आहे, प्रयत्न कमी’, ‘वही अपूर्ण’ हे शेरे तीस वर्षांनंतरही साक्ष देतात. आणि तपासणीला येताना सासूबाईंना बरोबर आणा. नवऱ्याच्या बालपणाचा इतका खरा साक्षीदार दुसरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची सहा प्रश्नांची एएसआरएस प्रश्नावली नेटवर मिळते. ती भरून बघायला हरकत नाही, पण ती चाळणी आहे, निकाल नाही.

मुलासाठी बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा मुलांच्या विकासाचा अनुभव असलेले बालरोगतज्ज्ञ गाठा. ते पालक आणि शिक्षक दोघांकडून प्रश्नावली भरून घेतील. शिक्षकांची मागितलीच नाही तर विचारा, का नाही. सरकारी व्यवस्थेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत एडीएचडी आहे, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, ज्यांना डीईआयसी म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही, अध्ययन अक्षमतेचं आहे. तिचं प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळू शकतं. म्हणून तुमच्या मुलाची वाचन-लेखनाची तपासणी आत्ताच करून घेतलेली बरी, पुढे परीक्षेतल्या सवलतींचा प्रश्न येतो तेव्हा धावपळ होत नाही.

गोळ्यांची भीती बहुतेकांना असते. निदान झालं म्हणजे गोळी सुरू झालीच असं नाही. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांना वागणुकीचं प्रशिक्षण देतात. मोठ्या मुलांत मिथाइलफेनिडेट किंवा ॲटोमॉक्सेटिन या औषधांचा चांगला उपयोग होतो. भूक कमी होणं, झोप लांबणं यावर लक्ष ठेवावं लागतं, उंची-वजन आणि रक्तदाब मोजत राहावं लागतं. तो निर्णय निदानानंतर, सावकाश.

पंधरा दिवस रोज दोन-तीन ओळी लिहून ठेवा : काय काम होतं, किती वेळा सांगावं लागलं, किती वाजता झोपला. ते टिपण आणि वह्या घेऊन जा. मूल रस्त्यावर बेधडक धावत असेल, शाळा त्याला काढून टाकायचं म्हणत असेल, किंवा ‘मी वाईटच आहे, मी नसलेलाच बरा’ असं बोलत असेल, तर पंधरा दिवस थांबू नका. जवळ कुणी मिळेपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं. तिथे निदान होणार नाही, पण जवळच्या सरकारी दवाखान्यात कुणाकडे जायचं हे विचारता येईल.